मिशिगन-१३: डिग्जपासून ठाणेदारांपर्यंत, एका मतदारसंघाचा निवडणूक इतिहास

नकाशेवाला

श्री ठाणेदार निवडून आले तेव्हापासून आपल्याकडे "बेळगावात वाढलेला माणूस अमेरिकेच्या संसदेत" एवढीच बातमी फिरते. चिकोडीचा जन्म, मुंबई विद्यापीठ, भाभा अणुसंशोधन केंद्र, १९७९ ला अमेरिका हे सगळ्यांना पाठ आहे. ज्या मतदारसंघाने त्यांना निवडून दिलं, त्याच्याबद्दल मात्र ओळभरही सापडत नाही. खरं तर मिशिगनचा १३ वा मतदारसंघ हे अमेरिकन निवडणूक पद्धत समजून घ्यायला उत्तम उदाहरण आहे. आधी प्रतिनिधींची यादी:

चार्ल्स डिग्ज (धाकटे), १९५५–८०
जॉर्ज क्रॉकेट, १९८०–९१
बार्बरा-रोज कॉलिन्स, १९९१–९३
विल्यम फोर्ड, १९९३–९५
लिन रिव्हर्स, १९९५–२००३
कॅरोलिन चीक्स किलपॅट्रिक, २००३–११
हॅन्सन क्लार्क, २०११–१३
जॉन कॉनियर्स, २०१३–१७
ब्रेंडा जोन्स, २०१८ चा नोव्हेंबर ते २०१९ चा जानेवारी, जेमतेम पाच आठवडे
रशिदा तलीब, २०१९–२३
श्री ठाणेदार, २०२३ पासून

सगळे डेमोक्रॅट. या क्रमांकावरून निवडून आलेला शेवटचा रिपब्लिकन म्हणजे हॉवर्ड कॉफिन, १९४७ ते ४९. म्हणून इथे नोव्हेंबरचे निकाल बघत बसलात तर हाती काही लागत नाही. ठाणेदारांना नोव्हेंबर २०२२ मध्ये ७१ टक्के मिळाले, पण त्याच ऑगस्टच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) २८.३. इतिहास वाचायचा तो ऑगस्टचा.

आगाऊ प्रश्न

मस्त धागा. एक शंका. "१९५५ पासून इथे सलग कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता, ती साखळी ठाणेदारांमुळे तुटली" असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. पण वरच्या यादीत तलीब आहेत, त्या पॅलेस्टिनी वंशाच्या. मग साखळी आधीच तुटली नाही का?

पोटनियम

ते वाक्य मतदारसंघाबद्दल खोटं आहे, डेट्रॉइट शहराबद्दल खरं आहे. सगळा घोळ तिथेच आहे.

मिशिगनमध्ये मतदारसंघांना नावं नसतात, नुसते क्रमांक. दर दहा वर्षांनी पुनर्रचना झाली की क्रमांक उचलून दुसरीकडे ठेवतात. आपल्याकडे खेड जाऊन शिरूर आलं, कुलाब्याचं रायगड झालं, तेव्हा नावावरून निदान कळलं तरी की काहीतरी हललंय. तिकडे पाटी तीच राहते आणि खालची जमीन बदलते.

१९९० च्या जनगणनेनंतर राज्याच्या जागा १८ वरून १६ वर आल्या. डेट्रॉइटमधल्या जुन्या १३ ला १५ हा क्रमांक मिळाला, आणि १३ ची पाटी पश्चिमेला ॲन आर्बरकडे गेली. म्हणून १९९३ ते २००३ मध्ये यादीत फोर्ड आणि रिव्हर्स दिसतात, दोघेही गोरे. त्यांचा डिग्ज-क्रॉकेट परंपरेशी काडीचा संबंध नाही. त्या दहा वर्षांत खऱ्या वारसदार कॉलिन्स आणि त्यांना १९९६ च्या प्रायमरीत हरवणाऱ्या किलपॅट्रिक, पण दोघी १५ व्या क्रमांकाखाली सापडतील. २००३ मध्ये १३ पुन्हा डेट्रॉइटला आला.

आता शहराचं वाक्य. जानेवारी १९५५ ते जानेवारी २०२३ या सगळ्या काळात डेट्रॉइटच्या कुठल्या ना कुठल्या तुकड्याला कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता. तलीब १३ मध्ये असताना शेजारच्या १४ मध्ये ब्रेंडा लॉरेन्स होत्या. २०२२ ला लॉरेन्स निवृत्त झाल्या, तलीब नव्या १२ मध्ये गेल्या, १३ ठाणेदारांकडे आला. तेव्हा साखळी तुटली. "मिशिगनमध्ये कृष्णवर्णीय खासदारच उरला नाही" असंही लिहू नये. त्याच निवडणुकीत उपनगरी १० व्या मतदारसंघातून जॉन जेम्स आले, कृष्णवर्णीय आणि रिपब्लिकन.

मोजदाद

क्रमांकांचा घोळ टाळायची सोपी रीत: आधी लोकसंख्या, मग जागा, मग नकाशा, आणि सगळ्यात शेवटी नावं. उलट्या बाजूने सुरुवात केली की फसायला होतं.

डेट्रॉइट १९५० मध्ये १८,४९,५६८. २०१० मध्ये ७,१३,७७७. २०२० मध्ये ६,३९,१११.
मिशिगनच्या जागा: एके काळी १९, १९८० च्या जनगणनेनंतर १८, मग १६, १५, १४ आणि आता १३.

२०२० ला राज्याची लोकसंख्या १,००,७७,३३१ होती. १३ ने भागली की एका मतदारसंघाला ७,७५,१७९ माणसं लागतात. म्हणजे अख्खं डेट्रॉइट एकत्र ठेवलं तरी एक मतदारसंघ पुरा भरत नाही, वर सव्वा लाखाहून जास्त माणसं बाहेरून आणावी लागतात. डिग्ज निवडून आले तेव्हा एकट्या शहराच्या अंगावर चार-पाच मतदारसंघ बसायचे, आज एकालाही ते पुरत नाही. त्यात नव्या नकाशाने शहर अखंडही ठेवलेलं नाही. मोठा भाग १३ मध्ये, पश्चिमेचा तुकडा १२ मध्ये. १३ ची उरलेली भरती ग्रोस पॉइंटची श्रीमंत गावं, हॅमट्रॅमिक, हायलँड पार्क आणि नदीच्या खालच्या अंगाची टेलर, वायनडॉट, लिंकन पार्क अशी कामगारवस्ती यांतून केली.

आगाऊ प्रश्न

पण शहर का तोडलं? एकत्र ठेवून भोवतालची गावं जोडली असती तर?

पोटनियम

हा नकाशा विधिमंडळाने काढलेला नाही. २०१८ ला मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर करून पुनर्रचना नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे दिली. १३ सदस्य: ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन, ५ कुठल्याच पक्षाचे नसलेले. २०२२ चा नकाशा हे त्यांचं पहिलं काम.

आधीच्या नकाशात १३ आणि १४ दोन्ही कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. आयोगाचं म्हणणं असं की एका समाजाची मतं दोन मतदारसंघांत कोंबून ठेवण्यापेक्षा पसरली तर बरं, निम्म्याहून कमी असले तरी प्रायमरीत ते आपला माणूस निवडून आणू शकतात. त्यानुसार १२ आणि १३ दोन्हीकडे कृष्णवर्णीयांचं प्रमाण निम्म्याच्या खाली गेलं. यातली चूक माझ्या मते एकच: हिशोब नोव्हेंबरचा केला. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट येणारच. प्रायमरीत कोण किती मतदान करतं आणि ती मतं किती जणांत वाटली जातात, हा हिशोब वेगळाच असतो.

डिसेंबर २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या फेडरल (केंद्रीय) न्यायपीठाने याच आयोगाचे डेट्रॉइट परिसरातले १३ मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले. "१३" या आकड्यामुळे गफलत होते म्हणून सांगतो: ते राज्य विधिमंडळाचे १३ मतदारसंघ होते (खालच्या सभागृहाचे ७, सिनेटचे ६). काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकन संसदेच्या) १३ व्या मतदारसंघाला त्या निकालाने हात लावलेला नाही.

रविवारची बेरीज

२०१८ वर कोणी सविस्तर लिहिणार का? एकाच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, जवळपास त्याच उमेदवारांचे दोन निकाल आणि दोन वेगळे विजेते, हा प्रकार दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

नकाशेवाला

लिहितो. लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांनंतर कॉनियर्सनी ५ डिसेंबर २०१७ ला राजीनामा दिला. १९६५ पासून ते सभागृहात होते, आधी क्रमांक १, मग १४, मग १३ (पुन्हा पाट्याच बदलल्या). गव्हर्नरांनी पोटनिवडणूक वेगळी न घेता नेहमीच्या वेळापत्रकाला जोडली. त्यामुळे जागा जवळजवळ वर्षभर रिकामी राहिली आणि ७ ऑगस्ट २०१८ ला मतदाराच्या हातात एकाच जागेसाठी दोन प्रायमऱ्या आल्या: एक उरलेल्या काही आठवड्यांसाठी, एक पुढच्या पूर्ण दोन वर्षांसाठी.

अल्प मुदतीसाठी चार नावं होती: जोन्स, तलीब, वेस्टलँडचे महापौर बिल वाइल्ड आणि कॉनियर्सांचे नातलग इयन कॉनियर्स. जोन्स ३२,७६९, तलीब ३१,१२१.
पूर्ण मुदतीसाठी हीच चार नावं, शिवाय कोलमन यंग (दुसरे) आणि शॅनेल जॅक्सन. तलीब २७,८४१, जोन्स २६,९४१. फरक ९००.

मोजदाद

या आकड्यांची वजाबाकी करून बघा. नावं वाढल्यावर दोघींचीही मतं घटली, पण तलीब यांची ३,२८०, जोन्स यांची ५,८२८. एकट्या यंग यांनी साडेबारा टक्के नेले. हे शहराच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौरांचे चिरंजीव, आडनावावरच मतं पडतात. ती मतं सगळ्यात जास्त आली ती बहुधा जोन्स यांच्या पारड्यातून.

इथे प्रायमरीला दुसरी फेरी नसते. काही दक्षिणी राज्यांत ५० टक्के न मिळाल्यास पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. मिशिगनमध्ये एक मत जास्त असलं की संपलं. त्यामुळे "उमेदवार किती?" हा प्रश्न "उमेदवार कोण?" इतकाच महत्त्वाचा.

आगाऊ प्रश्न

मग जोन्स पाच आठवडे खासदार होत्या तेव्हा त्यांच्या डेट्रॉइट नगर परिषदेच्या अध्यक्षपदाचं काय झालं? आपल्याकडे लगेच "लाभाचं पद" निघालं असतं.

पोटनियम

सोडलं नाही. खासदाराने दुसरं पद धरू नये ही अमेरिकेच्या घटनेतली बंदी फेडरल पदांपुरती आहे, शहराच्या पदाला ती लागत नाही. तरी प्रश्न उपस्थित झाला, सभागृहात सर्वसंमती घेतली गेली आणि २९ नोव्हेंबरला शपथ झाली. ३ जानेवारीला त्याच जागेवर तलीब.

जोन्स यांनी मधल्या काळात नोव्हेंबरच्या पूर्ण मुदतीच्या निवडणुकीत "नाव हाताने लिहा" पद्धतीनेही नशीब अजमावलं. हजारभरही मतं पडली नाहीत. प्रायमरी हरलेल्याचं नाव मतपत्रिकेवर छापलं जात नाही, मतदाराने ते स्वतः लिहून बाजूचं वर्तुळही भरावं लागतं. समोर रिपब्लिकन उमेदवारच नव्हता, तरीही हा मार्ग चालला नाही. यावरून त्याची ताकद ओळखा.

रविवारची बेरीज

मतविभागणीवर सगळं ढकलू नका हं. २०२० ला हीच लढत सरळ झाली, तलीब विरुद्ध जोन्स, तिसरं कोणी नाही. निकाल ६६.३ विरुद्ध ३३.७. दोन वर्षांत पदावर असल्याचा फायदा, संघटना, देशभरातून आलेला पैसा, सगळं तलीब यांच्या बाजूला आलं होतं. म्हणजे फुटलेली मतं दार उघडून देतात, आत टिकायचं ते स्वतःच्या बळावर.

उलट उदाहरण किलपॅट्रिक यांचं. मुलगा क्वामे डेट्रॉइटचा महापौर, २००८ मध्ये घोटाळ्यात अडकलेला. त्या वर्षीच्या प्रायमरीत आईला ३९ टक्के, मेरी वॉटर्स ३६, मार्था स्कॉट २५. विरोधी मतं दोघींत फुटली म्हणून त्या वाचल्या. २०१० ला हॅन्सन क्लार्क यांनी ४७ विरुद्ध ४१ ने पाडलं, तेव्हाही उमेदवार बरेच होते. यावेळी मात्र नाराज मतदार एका नावामागे गोळा झाला.

कुंदा

क्लार्क यांच्याबद्दल थोडं. वडील सिल्हेट भागातून आलेले बंगाली, आई आफ्रिकन-अमेरिकन. बांगलादेशी वंशाचे काँग्रेसमधले पहिले सदस्य. म्हणजे १३ मधून दक्षिण आशियाई मुळाचा माणूस जाण्याची ठाणेदार ही दुसरी वेळ, पहिली नव्हे. मराठी बातम्यांत हे कुठेच नसतं.

क्लार्क यांचं काय झालं तेही पुनर्रचनेचंच प्रकरण. २०१२ ला राज्याची आणखी एक जागा गेली, कॉनियर्स १४ सोडून १३ मध्ये आले, क्लार्क १४ मध्ये गेले आणि तिथे प्रायमरीत गॅरी पीटर्स यांच्याकडून हरले. दोन वर्षांत कारकीर्द संपली. पुढे पीटर्स सिनेटवर गेले.

मोजदाद

आता सह्या. या मतदारसंघाचा अर्धा इतिहास मतपेटीच्या आधी, क्लार्कच्या टेबलावर घडलेला आहे. (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग, आणि काउंटी क्लार्क हे तिथलं निवडणूक अर्ज तपासणारं पद; हॅन्सन क्लार्क नव्हेत.)

नियम असा. पक्षाच्या प्रायमरीत उतरायला मतदारसंघातल्या नोंदणीकृत मतदारांच्या किमान १,००० वैध सह्या लागतात, जास्तीत जास्त २,००० देता येतात. मतदारसंघ एकाच काउंटीत असेल तर अर्ज काउंटी क्लार्ककडे, जास्त काउंट्यांत पसरला असेल तर राज्याकडे. १३ पूर्ण वेन काउंटीत आहे, म्हणून निर्णय वेन काउंटीच्या क्लार्कचा.

सह्या बाद होण्याची नेहमीची कारणं:
– सही करणारा नोंदणीकृतच नाही, किंवा राहतो मतदारसंघाबाहेर. शहर दोन मतदारसंघांत तुटलेलं असल्यामुळे इथे हे फार होतं. "डेट्रॉइट" लिहिलेलं बरोबर, पण पत्ता १२ मधला.
– तारीख नाही.
– सह्या गोळा करणाऱ्याने खाली आधीच सही-तारीख टाकून ठेवली आणि वरच्या सह्या नंतरच्या तारखेच्या.
– एकाच हातचं अक्षर ओळीने दिसतं.

म्हणून जाणकार मोहीम १,००० वर थांबत नाही, १,८००–१,९०० पर्यंत जाते आणि भरण्याआधी मतदार यादीशी एकेक नाव ताडून पाहते.

पोटनियम

उदाहरणं देतो, तिन्ही याच मतदारसंघातली.

२०१४: जवळजवळ पन्नास वर्षं सभागृहात काढलेले कॉनियर्स क्लार्कने बाद केले. सह्या करणारे ठीक होते, सह्या गोळा करणारे काही जण स्वतः नोंदणीकृत मतदार नव्हते. वैध उरल्या ५९२. नंतर फेडरल न्यायाधीशाने ती अट अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येते म्हणून मनाई दिली आणि नाव मतपत्रिकेवर परत आलं.

२०१८: वडिलांनी ज्यांना वारस म्हटलं ते जॉन कॉनियर्स (तिसरे) सह्या कमी पडल्याने बाद. ते असते तर वरची ९०० मतांची गोष्ट कुठे गेली असती, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

२०२४: ठाणेदारांचे मुख्य प्रतिस्पर्धी ॲडम हॉलियर. सह्या दिल्या १,५५३, ठाणेदारांच्या बाजूने हरकत, तपासणीत वैध ८६३. बाद.

२०१४ आणि २०२४ मध्ये हरकतीनंतर छाननी झाली. ठरावीक मुदतीत प्रतिस्पर्ध्याने हरकत घेतली की ज्या सह्यांवर बोट ठेवलंय त्या तपासल्या जातात. विरोधकाचे फॉर्म मागवून वाचणं हा तिथल्या प्रचाराचा पहिला आठवडा असतो.

कुंदा

२०२२ च्या प्रायमरीवर कोणीच थांबलं नाही, म्हणून मी. नऊ उमेदवार. ठाणेदार २८.३, हॉलियर २३.५. कृष्णवर्णीय नेत्यांनी आधीच ओळखलं होतं की मतं फुटणार. वेन काउंटीच्या प्रमुखांच्या पुढाकाराने एकाच नावावर एकमत करायचा प्रयत्न झाला, हॉलियर यांचं नाव पुढे आलं. पण निवृत्त होणाऱ्या लॉरेन्सबाईंचा पाठिंबा पोर्शिया रॉबर्सन यांना. झालं, एकमत तिथेच संपलं. इस्रायल-समर्थक गटाने हॉलियर यांच्यासाठी ४० लाख डॉलरहून जास्त ओतले, तरी उपयोग झाला नाही.

ठाणेदारांकडे स्वतःचा पैसा होता हे खरं, पण पैसा कुठे लावायचा ते २०१८ मध्येच कळलेलं होतं. गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत राज्यभरात ते तिसरे, १७.७ टक्के. त्याच निवडणुकीत डेट्रॉइट शहरात मात्र पहिले. तो नकाशा पाहिल्यावर पुढची चाल समजते: मुक्काम ॲन आर्बरहून डेट्रॉइटला, २०२० ला तिथूनच राज्य विधिमंडळ, २०२२ ला काँग्रेस. कायद्याने प्रतिनिधी राज्याचा रहिवासी असला की पुरे, मतदारसंघात राहण्याची अट नाही. मतदाराच्या मनातली अट वेगळी.

आगाऊ प्रश्न

आणि २०२४? हॉलियर नसल्याने आयतीच मिळाली म्हणायची का?

रविवारची बेरीज

पूर्ण आयती नाही. मेरी वॉटर्स होत्या, त्याच २००८ वाल्या, आता नगर परिषद सदस्य म्हणून. तिसऱ्या शकिरा हॉकिन्स. ठाणेदारांना निम्म्याहून जास्त मतं मिळाली, म्हणजे दोघींची बेरीज केली तरी पुरली नसती. "मतं फुटली म्हणून जिंकले" हे २०२२ ला लागू पडतं, २०२४ ला नाही. हॉलियर असते तर काय, हा प्रश्न मात्र त्या ८६३ सह्यांपाशी अडकलेला आहे.

नकाशेवाला

मूळ यादीत एक भर. डिग्ज १९५४ च्या प्रायमरीत पदावर असलेल्या जॉर्ज ओब्रायन यांना हरवून आले, हे लिहायचं राहिलं. ऑक्टोबर १९७८ मध्ये टपाल फसवणूक आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या खोट्या नोंदींबद्दल ते दोषी ठरले, आणि पुढच्याच महिन्यात मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. १९५५ मध्ये एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाच्या खटल्याला मिसिसिपीत जाऊन बसणारा, कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाचा पहिला अध्यक्ष, अशी त्यांची पुण्याई होती. सभागृहाने १९७९ ला ठपका ठेवला, अपिलं संपल्यावर जून १९८० मध्ये राजीनामा. पोटनिवडणूक तेव्हाही नोव्हेंबरलाच जोडली गेली आणि ७१ वर्षांचे क्रॉकेट दोन्ही मुदती एकदम जिंकले. एकाच दिवशी दोन मतदानं हा प्रकार या मतदारसंघाला २०१८ मध्ये नवा नव्हता. विजेते वेगळे निघाले, एवढंच नवं.

मोजदाद

जुने निकाल चाळणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. मिशिगनमध्ये पक्षनोंदणी नाही, प्रायमरीला कोणीही कुठल्याही पक्षाच्या रकान्यात मत देऊ शकतो, पण एकाच रकान्यात. दोन्हीकडे खुणा केल्या की पक्षीय भागातली सगळी मतं बाद. त्यामुळे मतदानाला आलेले आणि १३ च्या डेमोक्रॅटिक शर्यतीत मोजलेले हे आकडे कधीच जुळत नाहीत. टक्केवारी काढताना छेद म्हणून त्या शर्यतीची बेरीज घ्या, एकूण मतदान नाही.